समांतर विचार कधी शिकवावा?

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामची जी व्याख्या शिकवली जाते, ती बहुतेक ठिकाणी अजूनही जुनीच आहे: प्रोग्राम म्हणजे संगणकाने एकामागून एक पाळावयाच्या आज्ञांची यादी. ही व्याख्या सोपी आहे, फळ्यावर मांडायला सोयीची आहे आणि ज्या काळात संगणकाचा प्रोसेसर एका वेळी आज्ञांचा एकच प्रवाह हाताळत असे, त्या काळात ती वस्तुस्थितीला धरूनही होती. परंतु आजच्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या साध्या मोबाइलमध्येही बहुधा आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करू शकणारी आठ केंद्रे असतात, आणि त्याने लिहिलेला प्रोग्राम त्यांपैकी एकाच केंद्राला कामाला लावून उरलेल्या सातांना स्वस्थ बसवतो. एकच काम अनेक भागांत विभागून ते भाग एकाच वेळी निरनिराळ्या केंद्रांकडून करून घेण्याच्या विद्येला समांतर प्रोग्रामिंग म्हणतात. ही विद्या पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवावी की नाही, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ती केव्हा आणि कशी शिकवावी, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी या विषयात नेमके अवघड काय आहे ते आधी पाहावे लागते.

वेगाची वाढ कुठे थांबली?

१९७८ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरचा घड्याळवेग ५ मेगाहर्ट्झ होता, तर २००४ साली त्याच कंपनीच्या पेंटियम ४ या प्रोसेसरने ३.८ गिगाहर्ट्झचा पल्ला गाठला. सव्वीस वर्षांत साडेसातशे पटींहून अधिक झालेल्या या वाढीचा लाभ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना काहीही न करता मिळत होता, कारण जुनाच प्रोग्राम नव्या यंत्रावर आपोआप जलद चालत असे. या वाढीमागे दोन गोष्टी होत्या. चिपवर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, हे गॉर्डन मूर यांचे १९६५ मधील निरीक्षण ही पहिली. आणि ट्रान्झिस्टर जसजसा लहान होतो तसतसा त्याला लागणारा विद्युतदाब कमी करता येतो व त्यामुळे चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता वाढत नाही, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेले तत्त्व ही दुसरी. सुमारे २००५ पर्यंत ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, विद्युतदाब आणखी उतरवणे कठीण झाले आणि डेनार्ड यांचे तत्त्व लागू पडेनासे झाले. ट्रान्झिस्टरांची संख्या वाढत राहिली, पण वेग वाढवावा तर चिप तापू लागे.

निर्मात्यांनी यातून काढलेली वाट म्हणजे एका चिपवर एकाऐवजी अनेक कोअर बसवणे. आयबीएमने २००१ मध्ये पॉवर ४ या प्रोसेसरमध्ये दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेल व एएमडी यांचे दोन कोअरचे प्रोसेसर सामान्य ग्राहकाच्या संगणकात आले. त्याच वर्षी हर्ब सटर यांनी एका गाजलेल्या लेखात प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बजावले की त्यांचे फुकटचे जेवण आता संपले आहे. त्यांचे म्हणणे खरे ठरले, कारण त्यानंतरच्या वीस वर्षांत घड्याळवेग दुप्पटसुद्धा झालेला नाही. वेग वाढवण्याची जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याकडून प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे आली, आणि म्हणून ती शिकवणाऱ्याकडेही आली.

दहीहंडीचे थर

समांतर विचाराचा गाभा एका प्रश्नात सामावलेला आहे: कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे? दहीहंडीच्या मनोऱ्यात एका थरातले गोविंदा एकाच वेळी आपापली जागा घेऊ शकतात, परंतु खालचा थर स्थिर झाल्याशिवाय वरच्या थराला उभे राहता येत नाही. त्यामुळे मैदानात आणखी शंभर गोविंदा सज्ज असले तरी सात थरांच्या मनोऱ्याला सात टप्पे लागायचेच. संगणकशास्त्रात एकूण श्रमाला ‘वर्क’ म्हणतात आणि परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीला ‘स्पॅन’ म्हणतात. मनोऱ्यातील माणसांची संख्या म्हणजे वर्क आणि थरांची संख्या म्हणजे स्पॅन, असे म्हटले तर दोन्ही कल्पना ध्यानात राहतात.

याचा उपयोग अगदी साध्या बेरजेतही दिसतो. १,०२४ विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज एकाच कारकुनाने केली तर त्याला एकामागून एक १,०२३ वेळा बेरीज करावी लागते. त्याऐवजी ५१२ जणांनी प्रत्येकी दोन आकडे मिळवले, मग २५६ जणांनी आलेली उत्तरे दोन-दोन करून मिळवली, आणि असेच पुढे चालू ठेवले, तर दहा फेऱ्यांत काम संपते. एकूण बेरजा तेवढ्याच, १,०२३, राहतात. बदलते ती त्यांची मांडणी. अशी मांडणी चालते याचे कारण बेरजेत कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच येते, हे शाळेत शिकलेले गणित आहे. मात्र संगणक दशांश अपूर्णांक मर्यादित अंकांपर्यंतच साठवत असल्याने अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या काही अंकांत फरक पडू शकतो, आणि एकच प्रोग्राम दोनदा चालवून दोन किंचित वेगळी उत्तरे पाहिलेल्या विद्यार्थ्याला शाळेतला नियम यंत्रावर कुठवर लागू होतो याचाही विचार करावा लागतो.

काम कितीही वाटले तरी किती लाभ होईल, याची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. समजा एका कामाला एका कोअरवर दहा तास लागतात आणि त्यांतील एक तासाचा भाग विभागता येण्याजोगा नाही. आठ कोअर वापरले तर उरलेले नऊ तास आठांत वाटले जाऊन एकूण वेळ दोन तास साडेसात मिनिटांवर येतो, म्हणजे आठपट कोअर वापरून वेग जेमतेम पावणेपाच पटींपर्यंत वाढतो; आणि कोअर हजार केले तरी वेळ एका तासाच्या खाली उतरत नाही. पुरणपोळीच्या स्वयंपाकात लाटायला दहा हात मदतीला आले तरी डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच, त्यातलाच हा प्रकार. पुढे १९८८ मध्ये जॉन गुस्ताफसन यांनी याची दुसरी बाजू मांडली: मोठे यंत्र हाती आले की माणसे जुनाच प्रश्न लवकर सोडवून थांबत नाहीत, त्याच वेळात अधिक मोठा प्रश्न सोडवायला घेतात, आणि प्रश्न मोठा होतो तसा विभागता न येणारा भाग तुलनेने लहान होत जातो. हवामानाचे अंदाज याचे उत्तम उदाहरण आहे, कारण तेथे अधिक बळाचा वापर अंदाज लवकर देण्यापेक्षा अधिक बारीक जाळीवर तो मांडण्यासाठी होतो.

चूक जी पुन्हा दिसत नाही

येथपर्यंतचा भाग गणिताचा असल्यामुळे विद्यार्थ्यांना तो फारसा जड जात नाही. खरी अडचण सुरू होते ती अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधील स्वतंत्रपणे चालणारे आज्ञाप्रवाह, एकाच माहितीला हात घालू लागतात तेव्हा. गणकात, म्हणजे मोजणीसाठी ठेवलेल्या आकड्यात, एकाने वाढ करण्याची आज्ञा प्रोग्राममध्ये एका ओळीची दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती तीन पायऱ्यांची असते: जुना आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे आणि नवा आकडा लिहिणे. गणकात ४१ असताना दोन थ्रेडांनी तो एकाच सुमारास वाचला, तर दोघेही ४२ लिहितात आणि ४३ व्हायला हवे तेथे एक वाढ कायमची हरवते. कोण आधी पोहोचतो यावर उत्तर अवलंबून राहण्याच्या या स्थितीला रेस कंडिशन म्हणतात. दोन थ्रेडांकडून प्रत्येकी दहा लाख वेळा गणक वाढवणारा प्रोग्राम चालवला की अपेक्षित वीस लाखांऐवजी भलताच आकडा येतो, आणि पुन्हा चालवला की आणखी वेगळा. तपासासाठी मध्येच आकडे छापण्याची आज्ञा घातली, तर थ्रेडांची चाल बदलून चूक नाहीशीही होऊ शकते. ‘चालवून पाहिले, उत्तर बरोबर आले’ या भरवशावर पहिली दोन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याचा पाया येथे डळमळतो, कारण समांतर प्रोग्राम शंभरदा बरोबर चालला म्हणून तो बरोबर आहे असे सिद्ध होत नाही.

ही चूक प्रयोगशाळेपुरती मर्यादित नाही. थेरॅक २५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात उत्तर अमेरिकेत सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. त्यामागील सॉफ्टवेअरच्या दोषांत रेस कंडिशनचा समावेश होता, आणि यंत्र हाताळणाऱ्याने नोंदी विशिष्ट झपाट्याने बदलल्या तरच ती प्रकट होत असे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडातील ओंटारिओत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ओहायोतील नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा अशाच एका दोषामुळे गप्प पडली होती आणि कर्मचाऱ्यांना ती गप्प असल्याचेही कळले नव्हते.

यावरील उपाय संगणकापेक्षा जुना आहे. एकेरी रेल्वेमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेत चालकाला धातूचा गोळा टोकन म्हणून देण्याची पद्धत होती. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरणार. प्रोग्रामातील लॉक हेच काम करते: लॉक ज्या थ्रेडाच्या हाती, तोच सामायिक माहितीला हात लावतो आणि बाकीचे थांबून राहतात. डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात अशा नियंत्रणासाठी योजलेल्या साधनाला सेमाफोर हे नाव दिले, तेही रेल्वेच्या सिग्नलवरूनच. पण लॉक एकाहून अधिक झाले की नवे संकट उभे राहते. पोळ्या करायला बसलेल्या दोघींपैकी एकीने पोळपाट उचलले, दुसरीने लाटणे उचलले आणि दोघीही हातातले न सोडता दुसऱ्या वस्तूची वाट पाहत राहिल्या, तर पोळी कधीच लाटली जाणार नाही. या कोंडीला डेडलॉक म्हणतात. आधी पोळपाट आणि मगच लाटणे उचलायचे, असा एकच क्रम सर्वांनी पाळला तर कोंडी होत नाही, हा त्यावरचा साधा आणि मोठमोठ्या प्रणालींतही वापरला जाणारा उपाय आहे.

एक ओळ लिहिणे आणि ती समजणे

समांतर प्रोग्राम लिहिण्याची प्रचलित साधने तीन प्रकारची आहेत. १९९७ पासून उपलब्ध असलेल्या ओपनएमपी या पद्धतीत सर्व थ्रेड एकाच स्मृतीवर काम करतात. १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीआय या पद्धतीत प्रत्येक प्रक्रियेची स्मृती वेगळी असते आणि त्या परस्परांना संदेश पाठवून माहिती कळवतात. तर एनव्हिडिया या कंपनीने २००७ मध्ये खुल्या केलेल्या कुडा या व्यवस्थेत चित्रांसाठी बनवलेल्या प्रोसेसरवर हजारो थ्रेड एकच क्रिया निरनिराळ्या आकड्यांवर करतात. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकारच्या यंत्रांवर घडवली जातात. ओपनएमपीत एका लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञासमूहाच्या, डोक्यावर एक ओळ लिहिली की लूपच्या फेऱ्या अनेक कोअरमध्ये वाटल्या जातात. विद्यार्थ्याला ती ओळ पाच मिनिटांत येते, परंतु त्या फेऱ्या खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे संगणक तपासून देत नाही, ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. शिकवण्याजोगे जे आहे ते हे ठरवणे होय, आणि नेमके तेच साधनांच्या गर्दीत मागे पडते.

त्यासाठी योग्य जागा कोणती, यावर अमेरिकेत बराच विचार झाला आहे. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि आयईईई ही अभियंत्यांची संघटना यांच्या पुढाकाराने तयार झालेला समांतर व वितरित संगणनाचा अभ्यासक्रम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात या विषयाचे मूलभूत भाग सुरुवातीच्या अनिवार्य विषयांतच गुंफावेत असा आग्रह धरला गेला. एसीएम ही संगणकतज्ज्ञांची संघटना आणि आयईईई यांच्या २०१३ च्या आदर्श अभ्यासक्रमाने हे स्वतंत्र ज्ञानक्षेत्र मानून त्याला पंधरा गाभ्याचे तास दिले, आणि पदवी कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या अबेट या संस्थेच्या निकषांतही या विषयाचा परिचय आवश्यक ठरला. वॉशिंग्टन विद्यापीठात डॅन ग्रॉसमन यांनी सुमारे तीन आठवड्यांचा भाग डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहितीच्या रचना शिकवणाऱ्या विषयात घातला, आणि त्यात काम जलद होण्यासाठी ते वाटणे व सामायिक वस्तूंच्या वापरावर नियंत्रण ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या करून शिकवल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाने तर माहितीच्या रचना आणि अल्गोरिदम हा विषयच वर्क आणि स्पॅन या कल्पनांवर नव्याने उभा केला, ज्यामुळे क्रमवार प्रोग्राम हा समांतर प्रोग्रामचा एक विशेष प्रकार म्हणून विद्यार्थ्यासमोर येतो.

पुण्याचे उदाहरण

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. हवे ते महासंगणक अमेरिकेकडून मिळण्यात अडथळे आल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम ८००० हा संगणक तयार केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक साधे प्रोसेसर जोडून तो उभारला होता, म्हणजे आज घराघरात पोहोचलेला मार्ग पुण्यात तेव्हाच निवडला गेला होता. आज त्याच शहरातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा, म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडींच्या सुमारे पावणेबारा पट काम करू शकणारा अर्क हा महासंगणक २०२४ पासून आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ‘हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग’ हा विषय अंतिम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात, म्हणजे पदवीच्या आठव्या व शेवटच्या सत्रात येतो. त्याची प्रात्यक्षिके चांगली निवडलेली आहेत: आलेखातील शोध समांतर करणे, बबल सॉर्ट व मर्ज सॉर्ट या दोन क्रमवारी पद्धती समांतर करून त्यांचा वेग मोजणे, मोठ्या संख्यासमूहाची बेरीज व सरासरी काढणे आणि कुडावर मॅट्रिक्सांचा गुणाकार करणे. त्यांतील क्रमवारीच्या प्रात्यक्षिकातून तर मोठा धडा मिळू शकतो. दहा लाख आकडे बबल सॉर्टने लावायला सुमारे ५० हजार कोटी तुलना लागतात. आठ कोअरमध्ये त्या अगदी समान वाटल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला ६,२५० कोटी येतात, तर एकाच कोअरवर चालणाऱ्या मर्ज सॉर्टला सुमारे दोन कोटी तुलना पुरतात. समांतर केलेली वाईट पद्धत ही क्रमवार चाललेल्या चांगल्या पद्धतीच्या जवळपासही पोहोचत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या घड्याळावर दिसते.

मात्र हा धडा आठव्या सत्रात मिळतो, तेव्हा विद्यार्थ्याची विचाराची सवय पक्की झालेली असते, क्रमवारीच्या याच पद्धती तो काही वर्षांपूर्वी क्रमवार रीतीने शिकून विसरायला लागलेला असतो, आणि त्याचे लक्ष अंतिम प्रकल्प व नोकरी यांत विभागलेले असते. शिकवणाऱ्यांचीही अडचण खरी आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांचे स्वतःचे शिक्षण एकामागून एक आज्ञांच्या चौकटीत झालेले आहे आणि दुसऱ्या वर्षाच्या विषयांत आधीच जागा नाही. पहिली भाषा म्हणून अनेक ठिकाणी शिकवल्या जाणाऱ्या पायथनच्या रूढ आवृत्तीत एका वेळी एकाच थ्रेडाला आज्ञा चालवू देणारे अंतर्गत लॉक आहे. ते वगळून चालणारी पर्यायी रचना ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत प्रथम प्रयोगादाखल मिळू लागली.

तरीही सुरुवात करायला महासंगणक लागत नाही आणि नवा विषयही लागत नाही. बेरीज, क्रमवारी आणि शोध हे तीनही दुसऱ्या वर्षी शिकवले जातातच. प्रत्येकाच्या शेवटी ‘यातला कोणता भाग कशावर अवलंबून आहे आणि सर्वांत लांब साखळी किती?’ हा एक प्रश्न जोडता येतो. पत्त्यांचा जोड चार जणांच्या गटाला लावायला देऊन वेळ मोजला तर वाटणीचा लाभ आणि एकत्र करण्याचा खर्च दोन्ही संगणकाशिवाय कळतात. प्रयोगशाळेत वेगाचा आलेख एका कोअरपासून आठ कोअरपर्यंत काढायला लावला आणि तो सरळ रेषेत का जात नाही याचे कारण लिहायला सांगितले, तर अ‍ॅमडाल यांचा नियम पाठ करावा लागत नाही. लेखी परीक्षेत रेस कंडिशनची व्याख्या विचारण्याऐवजी चुकीचा प्रोग्राम देऊन कोणत्या क्रमाने पायऱ्या घडल्यास उत्तर चुकेल ते मांडायला सांगता येते, आणि पाठांतराने सुटू न शकणारा हा प्रश्न तपासायलाही सोपा असतो.

क्रमवार विचार आधी साडेतीन वर्षे पक्का करायचा आणि मग शेवटच्या सहा महिन्यांत तो मोडायला सांगायचा, ही रीत विद्यार्थ्याच्या सोयीची नाही आणि विषयाच्याही नाही. विद्यापीठांची अभ्यास मंडळे पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलायला बसतील, तेव्हा आठव्या सत्रातील विषय तसाच ठेवून त्यातले पहिले तीन आठवडे तेवढे दुसऱ्या वर्षाच्या माहिती-रचनेच्या विषयात हलवावेत.